बर्बन पिणाऱ्याने धुरकट स्कॉचपर्यंत कसं पोचावं

अमेरिकेतल्या केंटकीत नोकरीसाठी राहायला गेलो त्या वर्षी मला बर्बनची, म्हणजे तिथल्या मक्याच्या व्हिस्कीची, चटक लागली आणि पुढची पाच-सहा वर्षं मी दुसऱ्या व्हिस्कीकडे ढुंकून पाहिलं नाही. मग एकदा सुट्टीवर पुण्यात आलो असताना एका मित्राने गच्चीवर मोठ्या प्रेमाने लफ्रॉइग १० ओतली, स्कॉटलंडच्या आयला बेटावरची, दहा वर्षं मुरलेली धुरकट स्कॉच. एक घोट घेतला आणि थेट लहानपणीचा दवाखाना आठवला: कंपाउंडर, कापसाचा बोळा, सोललेला गुडघा. "अरे, यात बँडेज भिजत घातलंयस का?" मी विचारलं. "पी रे, सवय होते," तो म्हणाला. मला नाही झाली. तो गेल्यावर, म्हणजे बर्फ आणायला आत गेल्यावर, उरलेला ग्लास जास्वंदीच्या कुंडीत गेला. जास्वंद जगली.

"सवय होते" हा सल्ला सगळेच देतात आणि तो सगळ्यात वाईट सल्ला आहे. न आवडलेली गोष्ट पुन्हा पुन्हा गिळून आवडायला लागत नाही, फार तर सहन व्हायला लागते. माझं काय चुकलं होतं ते बऱ्याच उशिरा लक्षात आलं. बर्बनवरून थेट आयला बेटाच्या व्हिस्कीवर उडी मारली की जिभेला दोन धक्के एकदम बसतात: ओळखीची गोडी जाते आणि अनोळखी धूर येतो. आपण सगळा दोष धुराला देतो. खरं तर निम्म्याहून जास्त त्रास गेलेल्या गोडीचा असतो. हे दोन धक्के वेगवेगळे घ्यायचे, एवढीच या लेखातली युक्ती आहे.

आधी आपल्या जिभेची झडती

बर्बनच्या धान्यात अमेरिकी कायद्याने किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती मुरते ओकच्या कोऱ्या, आतून जाळलेल्या पिंपात. व्हॅनिला, कॅरॅमल, ओल्या खोबऱ्याची छटा हे जे आपण बर्बनमध्ये शोधतो, त्यातलं बहुतेक लाकडातून आलेलं असतं. कोरं पिंप म्हणजे चहाची पहिली उकळी. सगळा रंग, सगळा कस तीच घेऊन जाते.

ते पिंप पुन्हा बर्बनसाठी चालत नाही, कारण कायद्याला प्रत्येक वेळी नवं लागतं. मग ही उष्टी पिंपं विकली जातात आणि त्यांतली फार मोठी संख्या स्कॉटलंडला जाते. आज स्कॉच मुरते ती बहुतांशी बर्बनच्या उष्ट्या पिंपात. दुसऱ्या उकळीच्या चहासारखी तिथे लाकडाची गोडी हलकी उतरते आणि मुळातल्या दारूचा स्वभाव वर येतो. म्हणजे स्कॉच पिताना तुम्ही परक्या घरात जात नाही, चुलतभावाच्या घरात जाता. फक्त त्या घरात साखर कमी घालतात.

आणि धूर? तोही तुम्ही आधीपासून पीत आलाय. पिंप आतून जाळलं की लाकडातलं लिग्निन तुटतं आणि त्यातून ग्वायाकॉलसारखी धुरकट वासाची रसायनं तयार होतात. वाइल्ड टर्की ही बर्बन करणारे आपली पिंपं सर्वांत खोल, चार नंबरच्या जाळणीपर्यंत नेतात. लाकूड मगरीच्या पाठीसारखं खवलेदार होतं म्हणून तिला 'ॲलिगेटर' म्हणतात. त्यांच्या १०१ नावाच्या बाटलीत शेवटी जी शेकोटीची झाक लागते, ती आठवून ठेवा. आपण तिथूनच निघणार आहोत.

हा धूर येतो कुठून

स्कॉटलंडच्या दलदलीत शेवाळ, गवत आणि हेदरची झुडपं हजारो वर्षं अर्धवट कुजत साचून पीट तयार होतं. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. ते विटांसारखं कापून माळावर वाळत घालतात. लांबून पाहिलं तर आपल्याकडे गोवऱ्या वाळत घातल्यात असंच वाटेल, आणि कामही तेच: झाडं कमी असलेल्या बेटांवरचं जळण.

बार्ली भिजवून तिला मोड आणतात, मग मोडाची वाढ थांबवायला भट्टीत वाळवतात. त्या भट्टीत पीट जाळलं की धुरातली फिनॉल नावाची वासाची रसायनं ओलसर दाण्याला चिकटतात. दाणा एकदा कोरडा झाला की तो फारसा धूर घेत नाही, म्हणून सगळा खेळ सुरुवातीच्या तासांतला. पुढे दळणं, आंबवणं, दोनदा उकळणं, वर्षानुवर्षं मुरवणं या सगळ्यातून तो धूर वाचतो आणि तुमच्या ग्लासात येतो.

मला दवाखाना आठवला तो योगायोग नव्हता. जोसेफ लिस्टरने १८६५ साली ग्लासगोच्या इस्पितळात जखमा धुवायला जे कार्बॉलिक ॲसिड वापरलं, ते म्हणजेच फिनॉल. त्याचीच भावंडं क्रेसॉल वगैरे पीटच्या धुरात असतात. लाल कार्बॉलिक साबण, डांबर, ड्रेसिंगची पट्टी, सगळं एकाच खानदानातलं.

म्हणून 'धूर' असा एकच शब्द वापरू नका. त्याचे तीन भाग करा. पहिला चुलीचा: बंबातलं पाणी, हुरड्याची आगटी, भरताचं भाजलेलं वांगं. हा भाग मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. दुसरा समुद्राचा: वाळत घातलेले बोंबील, खारा वारा, ओले दोर. कोकणातल्या वाचकाला हाही शिकवायला नको. तिसरा दवाखान्याचा. खरी अडचण फक्त या तिसऱ्याची आहे आणि त्याला आपण सगळ्यात शेवटी भेटणार आहोत. मित्राने मला नेमकं त्यालाच आधी भेटवलं होतं.

पहिली पायरी: गोडी कमी करा, धूर नको

आठवडाभर तरी पीट नसलेली, बर्बनच्या पिंपात मुरलेली एखादी सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीची केलेली व्हिस्की) घ्या. ग्लेनमोरँजी ओरिजिनल यासाठी उत्तम. शेजारी रोजची बर्बन. दोन्ही वीस-वीस मिली, दोन्ही बर्फाशिवाय. आधी माल्ट, मग बर्बन. उलटं केलंत तर माल्ट पाणचट लागेल, जिलबीनंतर चहा फिका लागतो तसा.

पहिल्या संध्याकाळी तुम्हाला माल्टमध्ये "काहीच नाही" असं वाटेल. तिसऱ्या-चौथ्या वेळी संत्र्याची साल, मध, ओल्या धान्याचा वास असं काहीबाही सापडायला लागतं. आणि एक गंमत होते: बर्बन आधीपेक्षा जास्त गोड लागायला लागते. ती गोड वाटली की ही पायरी झाली. घाई असलेले लोक हीच पायरी गाळतात आणि मग धुराला शिव्या देतात.

याच आठवड्यात बर्फाची सवय सोडा. बर्बनमध्ये गोडी इतकी असते की बर्फ तिला मारू शकत नाही. धुरकट व्हिस्कीत बर्फ घातला की फळ आणि मध झोपी जातात आणि राख तेवढी जागी राहते. विमानतळावरच्या एका बारमध्ये मला न विचारता ग्लासभर बर्फावर लागावुलिन ही आयलाची धुरकट व्हिस्की ओतून दिली होती. विझवलेल्या शेकोटीचं पाणी प्यायल्यासारखं वाटलं.

दुसरी पायरी: धूर बर्बनमध्येच आणा

हा माझा सगळ्यात आवडता प्रयोग. चाळीस मिली नेहमीची बर्बन घ्या आणि त्यात अडीच मिली लफ्रॉइग किंवा आर्डबेग (हीही आयलाचीच) घाला. अडीच मिली मोजायला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं खुणांचं टोपण छान चालतं. माझ्याकडचं अजून आहे, आणि त्यातून लफ्रॉइग मोजताना दोन्ही वास एकच वाटल्याने मला एकट्यालाच हसू येतं. ढवळून दोन मिनिटं थांबा. बर्बनची गोडी जागच्या जागी असते, फक्त मागे कुणीतरी चूल पेटवल्यासारखं वाटतं. पुढच्या वेळी पाच मिली, मग दहा.

दहा मिलीच्या आसपास एक टप्पा येतो जिथे धूर पुढे आणि बर्बन मागे जाते. तो टप्पा कुणाला सातवर येतो, कुणाला पंधरावर. लक्षात ठेवा, ती तुमची आजची मर्यादा. महिन्याने पुन्हा मोजलीत तर आकडा सरकलेला असतो.

कॉकटेलवाल्यांसाठी याचंच देखणं रूप म्हणजे पेनिसिलिन. न्यूयॉर्कच्या सॅम रॉस या बारटेंडरने २००५च्या सुमारास बसवलेलं. साधी ब्लेंडेड स्कॉच, लिंबू, मध आणि आल्याचा रस, आणि वर तरंगती चमचाभर आयलाची व्हिस्की. आपल्या घरी सर्दीला देतात त्या आलं-मधाच्या चाटणात आणि यात फरक फक्त दारूचा. म्हणूनच मराठी जिभेला ते पहिल्याच घोटात पटतं.

तिसरी पायरी: हलका धूर

आता पूर्ण ग्लास स्कॉचचा. ब्लॅक लेबल हिणवायची वस्तू नाही. त्यात आयलाच्या कल ईला डिस्टिलरीची माल्ट असते, आणि आतापर्यंत शंभर वेळा पिऊनही न जाणवलेला धूर या टप्प्यावर स्वच्छ दिसायला लागतो. मग हायलँड पार्क १२. ती येते ऑर्कनी बेटांवरून. तिथलं पीट मुख्यतः हेदरचं असल्याने तिचा धूर मधाळ, फुलांचा, दवाखान्यापासून लांबचा. देशी हवी असेल तर बंगळूरूची अमृत फ्यूजन: भारतीय बार्ली आणि स्कॉटलंडहून आणलेली पीटवर वाळवलेली बार्ली यांचं मिश्रण. आपल्याकडच्या उन्हात व्हिस्की झपाट्याने मुरते, लाकडाची गोडी भरपूर घेते, त्यामुळे बर्बनवाल्याला ती पटकन आपली वाटते. गोव्यात कुंकळ्ळीला बनणारी पॉल जॉनची बोल्ड यापुढच्या पायरीची आहे, आयलाच्या पीटवर केलेली. ती जरा थांबून घ्या.

चौथी पायरी: तुमच्या बर्बनचा नातेवाईक शोधा

इथे सगळ्यांना एकच बाटली सांगणं चुकीचं. तुम्ही कोणती बर्बन पिता त्यावर वाट ठरते.

मेकर्स मार्कसारखी, राय या धान्याऐवजी गहू घातलेली मऊ बर्बन आवडत असेल तर लफ्रॉइग क्वार्टर कास्क. हे ऐकायला वेडेपणाचं वाटेल, कारण लफ्रॉइग म्हणजे दवाखान्याचं माहेरघर. पण लफ्रॉइग मुरते तीच मुळी बहुतांशी मेकर्स मार्कच्या उष्ट्या पिंपांत. क्वार्टर कास्क तर त्यानंतर आणखी लहान पिंपांत ठेवतात. पिंप लहान म्हणजे तेवढ्याच दारूला लाकडाचा स्पर्श जास्त, म्हणजे गोडी जास्त. एका संध्याकाळी दोन्ही शेजारी ठेवा. आधी मेकर्स मार्कचा वास घ्या, व्हॅनिला नीट डोक्यात बसू द्या. मग क्वार्टर कास्क. पहिली लाट धुराची येईल, ती जाऊ द्या, घाबरून ग्लास खाली ठेवू नका. चार-पाच श्वासांनी नाक धुराला सरावतं आणि मागून तीच व्हॅनिला डोकावते. मला ती सापडली त्या क्षणी मी मोठ्याने "अरेच्चा!" म्हणालो होतो. गर्दीत गावाकडचा माणूस भेटावा तसं झालं.

बुलेटसारखी, २८ टक्के राय असलेली मसालेदार बर्बन आवडत असेल तर स्काय बेटावरची टॅलिस्कर १०. तिच्या शेपटीला काळ्या मिऱ्याचा झणका असतो, जिभेच्या कडेला टोचणारा. रायचा चटका आवडणाऱ्याला तो झणका आधी आवडतो आणि धूर त्याच्यासोबत आपोआप आत येतो.

तीव्र, पन्नास टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेल्या बर्बन पिणाऱ्यांनी आर्डबेग उगडाल घ्यावी. ५४.२ टक्के, बर्बन आणि शेरी (स्पेनची वाइन) दोन्हींच्या पिंपांतली, काकवी आणि मनुका आणि त्यावर डांबर. ४० टक्क्यांच्या व्हिस्की अशा लोकांना पातळ लागतात आणि मग ते स्कॉचलाच नावं ठेवतात.

लागावुलिन १६ कुणालाही चालते. सोळा वर्षांत धुराचे कोपरे घासून गोल झालेले असतात. वय वाढतं तसा धूर मावळतो, हा साधारण नियम. म्हणून नवशिक्याने जुनी बाटली घ्यावी असा तर्क निघतो. तो बरोबर आहे, फक्त खिसा ऐकत नाही.

पाचवी पायरी: दवाखाना

आता लफ्रॉइग १० किंवा आर्डबेग १०. वीस मिलीच. दिवसातलं हे शेवटचं पेय असू द्या, कारण यानंतर जिभेला दुसरं काही कळत नाही. नाक ग्लासात खुपसू नका. ग्लास हनुवटीपाशी धरून तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. पहिला घोट मोजू नका, तो फक्त तोंडाची ओळख. दुसरा छोटा घ्या, जिभेवर पाच-सहा सेकंद फिरवा, गिळा, आणि मग नाकाने श्वास सोडा. खरा हिशेब त्या सुटणाऱ्या श्वासात आहे.

मग एक चमचा पाणी घाला, साधं, थंडगार नको. यामागे थोडं शास्त्रही आहे. स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ साली संगणकावर रेणूंची हालचाल मांडून दाखवलं की दारू तीव्र असताना ग्वायाकॉल आत दडून राहतं आणि पाण्याने सौम्य झाल्यावर पृष्ठभागाकडे येतं. म्हणजे पाण्याने धूर जातो असं समजू नका. दारूचा चटका कमी होतो आणि धूर नाकाजवळ येतो, जास्त सुट्टा, जास्त ओळखू येणारा. लफ्रॉइगमध्ये पाणी घातल्यावर मला आयोडीनच्या आड लिंबू आणि भिजलेल्या बार्लीची गोडी पहिल्यांदा दिसली.

नाही आवडली तर? बाटली बंद करा आणि महिनाभर चौथ्या पायरीवर रहा. काहींना टॅलिस्करपर्यंतच आवडतं आणि तिथेच घर करावंसं वाटतं. खुशाल करा. यात परीक्षा नाही.

आकड्यांच्या नादी लागू नका

या वाटेवर कुणीतरी तुम्हाला पीपीएम, म्हणजे दहा लाखांत किती भाग, सांगणारच. आर्डबेग ५५, लागावुलिन ३५, ऑक्टोमोर शंभरच्या वर. हा आकडा वाळवलेल्या बार्लीतल्या फिनॉलचा, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. लागावुलिन आणि कल ईला दोन्हींना जवळपास सारख्याच धुराची बार्ली आयलावरच्या पोर्ट एलनच्या माल्ट कारखान्यातून मिळते. तरी एक जाड, तेलकट शाल पांघरल्यासारखी आणि दुसरी लिंबू पिळलेल्या राखेसारखी, हलकी. दारू उकळायच्या भांड्याचा आकार, उकळण्याची गती, उकळून निघालेल्या दारूचा मधला कोणता भाग घ्यायचा, यावर सगळं ठरतं.

लागावुलिनचा मालक पीटर मॅकी याने हे पैसे घालवून शिकून घेतलं. लफ्रॉइग विकण्याचा हक्क हातातून गेल्यावर चिडून त्याने १९०८ साली आपल्याच आवारात माल्ट मिल नावाची छोटी डिस्टिलरी उभारली, हुबेहूब लफ्रॉइग करायला. बेट तेच, पीट तेच, अंतर दोन-तीन किलोमीटर. लफ्रॉइग काही झाली नाही.

चकणा, खरेदी आणि बारीकसारीक

मसाला शेंगदाणे आणि तिखट चिवडा लांब ठेवा. तिखटाने तोंड पेटलं की दारूचा चटका दुप्पट होतो आणि धूर नुसता कडू लागतो. याच्याशी जुळतात तीन गोष्टी: गुळाचा छोटा खडा, विशेषतः लफ्रॉइगबरोबर, कारण तो हरवलेली बर्बनची गोडी परत देतो. निखाऱ्यावर भाजलेलं कणीस, तिखट न लावता, फक्त मीठ-लोणी, टॅलिस्करबरोबर. आणि तव्यावर शेकलेले सुके बोंबील. शेवटच्याचं घरच्यांशी आधी बोलून घ्या.

बाटली विकत घेण्याआधी बारमध्ये तीस मिली घ्या, किंवा पन्नास मिलीच्या छोट्या बाटल्या मिळाल्या तर त्या. परदेशातून येताना दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते. माझ्या मते त्या दोन लिटरांत एक गोड-धुरकट आणि एक कडक धुरकट असावी, दोन्ही कडक नकोत. आयात शुल्कही हलायला लागलंय: भारताने फेब्रुवारी २०२५मध्ये बर्बनवरचं १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणलं, आणि ब्रिटनशी त्याच वर्षी जुलैत झालेल्या करारात स्कॉचवरचं १५० वरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर न्यायचं ठरलंय. महाराष्ट्रात पिण्याचा परवाना लागतो, तो काढून ठेवा.

उघडलेली बाटली उभीच ठेवा, उन्हापासून लांब. नव्या बाटलीचा पहिला पेग फार उग्र वाटला तर तिला दोन-तीन आठवडे द्या. हवा लागून ती थोडी शांत होते.

आणि शेवटी, पाचव्या पायरीचा ग्लास रात्री धुऊ नका. तसाच ओट्यावर राहू द्या. सकाळी दारू उडून गेलेली असते आणि तळाशी नुसता धूर उरतो, गार झालेल्या बंबाचा. सुरुवातीला मी तो वास मुद्दाम, अभ्यास म्हणून घ्यायचो. मग एका सकाळी चहाचं आधण ठेवताना ग्लास आपोआप नाकाशी गेला आणि तिथेच थोडा वेळ राहिला. त्या दिवशी पुण्याच्या मित्राला फोन करून विचारलं, गच्चीवरची ती बाटली अजून आहे का. ती त्याने केव्हाच संपवली होती.